कर्जत ते लोणावळा : कानांनी चढलेला घाट

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. कपलिंग अडकल्याचा ठण्णकन आवाज येतो, हलका धक्का बसतो आणि वडेवाल्यांच्या आरोळ्या मागे सरकू लागतात. भोर घाटाची ध्वनिकथा आम्ही इथून सुरू करतो. शेवटचे दोन-तीन डबे धरायचे, कारण बँकर तिथेच ऐकू येतो. डबाही उघड्या खिडक्यांचा हवा; बंद काचांच्या डब्यात नुसती एसीची घरघर मिळते.

१८६३ पासून चालू असलेल्या या मार्गावर चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. वेग कमी आणि इंजिनावर ताण जास्त, त्यामुळे इथे गाडीचा श्रम ऐकू येतो.

रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट ठेवायचं आणि ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय, आधी बंद करायचा. तो चालू राहिला तर बोगद्यात शिरताच यंत्र आवाज दाबतं, बाहेर पडल्यावर फुगवतं आणि आत-बाहेरचा फरकच पुसला जातो. पातळी बोगद्यातल्या गोंगाटावरून ठरवावी, सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. उघड्यावरचा भाग मग हळू वाटेल, वाटू द्यावा. लो-कट, म्हणजे खालचे सूर गाळणारा फिल्टर, लावला तर वाऱ्याबरोबर बँकरची खर्जातली घुमही जाते. त्यापेक्षा माइकवर केसाळ विंडशील्ड चढवून तो खिडकीपासून दोन फूट आत, सीटच्या पाठीच्या आडोशाला धरावा. दाराबाहेर माइक, हात, डोकं, काहीही काढायचं नाही.

दुसरा माइक म्हणजे २७ मिलिमीटरची पिएझो चकती, म्हणजे हवेतला आवाज न घेता चिकटवलेल्या वस्तूची कंपनं टिपणारी चकती. ती सीटच्या लोखंडी चौकटीवर टेपने घट्ट चिकटवली की डब्याच्या अंगातली थरथर मिळते. तिला जोडायचं रेकॉर्डरचं इनपुट १ मेगाओहम रोधाच्या आसपासचं हवं. साध्या माइक इनपुटला जोडली की खर्ज गळून पत्र्यासारखा किरटा आवाज उरतो.

तीव्र वळणांवर चाकाची कड रुळाला घासून किंचाळते. पावसाळ्यात रूळ ओले असल्याने ही किंकाळी बरीच कमी होते, त्या जागी धबधबे येतात. म्हणून एकाच वळणाची मे आणि जुलैमधली नोंद शेजारीशेजारी ठेवण्यासारखी असते. उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल आणि ठाकूरवाडीला ब्रेकची खात्री करण्यासाठी थांबतात. रानातले किडे-पाखरं टिपायला तीच संधी.

आता आठवणी. घाटाचं विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास १५०० व्होल्ट डीसीवर झालं. आज तारेत २५ किलोव्होल्ट एसी वीज आहे. जुन्या इंजिनांचा आवाज आता गाडीतून मिळणार नाही, तो माणसांच्या तोंडूनच घ्यावा लागतो. रुळांच्या सांध्यांची खडखडही तशीच. १३ मीटरच्या रुळांवर ताशी ३६ किलोमीटर वेगाने दर १.३ सेकंदाला एक ठोका पडायचा. सांधे वितळवून जोडलेले सलग रूळ आल्यावर तो ठोका मुख्यतः सांधे बदलण्याच्या जागीच उरला. जुन्या प्रवाशांना किंवा फेरीवाल्यांना ‘काय आठवतं?’ असं विचारलं की ठरावीक उत्तरं येतात. ‘बोगदा आल्यावर डब्यातली पोरं काय करायची?’ असं विचारा. माणूस आवाज काढून दाखवतो. हे बोलणं घरात, माइक वीतभर अंतरावर ठेवून घ्यावं आणि शेवटी त्याच खोलीची मिनिटभर शांतता नोंदवावी. संपादनात सांधे बुजवायला ती लागतेच.

फ्रेंच संगीतकार पिएर शेफेरने १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकातल्या आगगाड्यांचे आवाज कापून-जोडून रचना केली. आवाज कशाचा आहे हे विसरून नुसता आवाज ऐकावा, असा विचार पुढे त्याने मांडला. आम्हाला नेमकं उलट हवं आहे: हा घाट आहे, हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे. त्यामुळे पार्श्वसंगीत नाही आणि बोगद्याची लांबी कापायची नाही. आठवणी उघड्या भागात ठेवाव्यात, बोगद्यात माणसाचा आवाज बुडतो.

कथा गाडीतच ऐकवायची असेल तर जीपीएसवर विसंबू नये, बोगद्यात ते सुटतं. सलग फाइलही नको, कारण गाडी सिग्नलला थांबली की पुढचं सगळं चुकतं. एकेका बोगद्यापुरते तुकडे करावेत आणि प्रत्येकाच्या शेवटी सांगावं : पुढचा अंधार आला की बटण दाबा.