काकू, तुम्ही बसा ना

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा. पाय सुजलेत, म्हणजे सहल झाली खरी.

दोन्ही दिवस छान गेले. काल अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन, आज वाई-मेणवली. कुणी रुसलं नाही (धाकट्या वन्सं आल्या होत्या तरी). मग झोप का येत नाही? कारण एवढंसं आहे की सांगायचीही लाज वाटते.

काल पंगत बसली. केटररची माणसं वाढायला असली तरी जिलेबीचा आग्रह आमच्याकडे घरचंच कुणीतरी करतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. पदर खोचला, ताट उचललं, तर चिनूच्या बायकोने ते अलगद हातातून काढून घेतलं. "काकू, तुम्ही बसा ना आता. किती वर्षं करताय!" आणि गेलीसुद्धा.

बसले. दुसरं काय करणार?

तीस वर्षं मीच कुरकुरत आले की या घरात मला कधी गरम जेवण मिळालं नाही. शेवटच्या पंगतीला बसायचं, तोवर मसालेभाताचे खडे झालेले आणि अळूच्या भाजीतले दाणे कुणीतरी वेचून नेलेले. काल वाफाळती मूद पानात पडली, तिच्यावरून तूप ओघळून मिठापर्यंत गेलं, आणि मला घास उतरेना. सगळं लक्ष तिच्या ताटाकडे. ती पानाकडे बघून विचारत होती, "वाढू?" अशाने कोण हो म्हणेल? पानाकडे नाही, तोंडाकडे बघायचं. जो पानावर हात आडवा धरतो त्याला सोडून आधी शेजाऱ्याला वाढायचं, तोवर त्याचा हात निघतो. अख्खी नको म्हणाला तर अर्धी. अशा तीन अर्ध्या सहज जातात. पूर्वी हे मठ्ठ्याचा जग घेऊन पुढे आणि मी मागून. ते असो.

औक्षणाच्या वेळी चिनूच्या मुलाने मोबाइलवर गणित मांडलं. 29.53 दिवसांना एक पौर्णिमा, म्हणजे हजार व्हायला 80 वर्षं आणि दहा महिने लागतात. अण्णा म्हणाले, "त्यातल्या दोन-तीनशे पावसाळी ढगांनी खाल्ल्या. त्या परत मोजून द्या." सगळे हसले. मीही हसले, पण मनात ताटच.

आज तर कहरच. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मला ड्रायव्हरशेजारची जागा, कारण मागे हादरे बसतात म्हणे. खंबाटकी घाटात मागे भेंड्या रंगल्या होत्या आणि मी ड्रायव्हरला विचारत होते, मूळ गाव कुठलं. सुरूर फाटा येईपर्यंत त्याच्या मेव्हण्याच्या जमिनीचा वादही कळला.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून घाटावर उतरलो. उतरताना कुणीतरी माझं कोपर धरलं. मी सोडवून घेतलं, जरा जोरातच. मग फर्मान निघालं, "तुम्ही तिघी घंटेपाशी बसा, आम्ही पाण्यापर्यंत जाऊन येतो." ही घंटा वसईची. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा लुटीत आल्या, त्यांतली एक. "आजी, हिच्यावर मेरी आहे!" नातू ओरडला आणि पायऱ्या उड्या मारत उतरून गेला. माझ्या मांडीवर पाच पर्सा, दोन टोप्या आणि कुणाचा तरी अर्धा खाल्लेला पेरू. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मोठ्या वहिनींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. कालची जिलेबी. कडक झालेली, कडेला साखर धरलेली. मी एक उचलली आणि बोलता बोलता कालचं सगळं सांगून टाकलं. वहिनी चावत होत्या, कवळीमुळे त्यांना वेळ लागतो. मग म्हणाल्या, "मला चिनूच्या मुलाच्या बारशाला बसवलं. ताट तूच घेतलंस हातातून."

"मी?"

"हो. म्हणालीस, वहिनी, किती वर्षं करताय!"

मला अजिबात आठवत नाही. आत्ता इतका वेळ आठवून बघितलं, तरी नाही. त्यांना मात्र मी कुठली साडी नेसले होते तेही आठवतंय. धाकट्या वन्सं इतक्या हसल्या की ठसका लागला, पाणी शोधायला पाचही पर्सा उघडाव्या लागल्या. मग मीही हसत सुटले. खालून सगळे वर बघत होते, या म्हाताऱ्यांना झालंय काय म्हणून.

येताना पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते. फोटो ग्रुपवर आलाय, वहिनींनी त्याला बदाम दिलाय.

काल दीड डबा जिलेबी उरली. माझ्या वेळेला एकही उरत नसे. तोंडाकडे बघायचं असतं, एवढं तरी उद्या फोन करून तिला सांगावं का? नको. बसलेय ना मी.