कबुतरं, मायक्रोवेव्ह आणि पाच मिनिटं

कबुतरांवरचा माझा स्टँडअपचा सेट, म्हणजे विनोदांचा सलग तुकडा, अखेर पाच मिनिटांत बसला. नव्या मंडळींसाठी सांगते, दिवसा मी रेडिओ खगोलशास्त्रात, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या अभ्यासात, काम करते आणि संध्याकाळी पुण्यात जिथे ओपन माइक (कुणीही येऊन सादर करावं असा मंच) असेल तिथे नाव नोंदवते, कधी स्टँडअपसाठी, कधी लांब कथाकथनासाठी.

मूळ किस्सा शंभर टक्के खरा. १९६४ साली न्यू जर्सीतल्या होमडेल इथे पेन्झियास आणि विल्सन या दोन रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात खरखर येत होती. कुठेही वळवा, जायचीच नाही. आत कबुतरांनी संसार थाटलेला. घाण खरवडून काढली, कबुतरं लांब गावी पाठवली, ती परत हजर. आणि खरखर होती तशीच, कारण ती विश्वाच्या बालपणातली उरलेली ऊब होती. १९७८ मध्ये दोघांना नोबेल.

पुण्यात कबुतरांच्या त्रासाला प्रस्तावना लागत नाही. ‘जाळी बसवणारा वेळेवर आला असता, तर विश्वाचा जन्म कळलाच नसता’ या वाक्यावर हमखास हशा येतो. आधी मी त्याच्यापुढे तापमानाचं स्पष्टीकरण द्यायचे. ते उडवलं. पंचनंतर, म्हणजे हशा आणणाऱ्या वाक्यानंतर, शिकवणी घ्यायची नाही, हा नियम आता भिंतीवर लावलाय.

अडचण एकच. शेवटी ती कबुतरं गोळी घालून मारावी लागली. हे सांगितलं की खोली गार पडते, पुढचे दोन विनोद वाया. म्हणून सेटमध्ये मी ‘परत हजर’वरच थांबते. प्रयोगशाळेतल्या एका मित्राच्या मते ही माहितीची लपवाछपवी आहे. मला नाही पटत. शोधनिबंधात निरीक्षण गाळणं हा गुन्हा, रंगमंचावर ते संपादन. मात्र जे बोलते ते खरंच असलं पाहिजे, तिथे तडजोड नाही.

आता कथाकथनाकडे, कारण या खेपेला खरी मजा तिथे आली. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून विचित्र संदेश यायचे. दूरच्या अवकाशातून आलेल्या रेडिओ लहरींची एक खूण असते: वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे उच्च वारंवारता आधी पोहोचते, नीच मागून रेंगाळत येते. हे संदेश अगदी तसेच दिसायचे. फक्त यायचे ते ऑफिसच्या वेळेत, आणि बहुतेक सोमवार ते शुक्रवार. २०१५ मध्ये चोर सापडला. वेळ संपायच्या आत कोणीतरी मायक्रोवेव्हचं दार खस्सकन उघडायचं, आणि भट्टी विझता विझता एक उचकी द्यायची.

वारंवारतेची ही भानगड मी शब्दांत समजावत बसायचे आणि लोक मोबाइल काढायचे. आता फक्त आवाज काढते: वरच्या पट्टीतून खाली घसरणारं ‘टीईऽऽऊऽऽ’. तारा म्हणजे हा आवाज, एवढंच सुरुवातीला रुजवून ठेवायचं. मग दहा मिनिटांनी दार उघडल्याचा अभिनय आणि तोच आवाज. लोक माझ्याआधी हसतात! चोर त्यांनी स्वतः पकडलेला असतो.

रचना कीर्तनाच्या उलट ठेवलीय. आधी आख्यान, निरूपण मागून आणि तेही दोन वाक्यांत. स्टँडअपमधला श्रोता वाट बघत नाही, पण कथाकथनाला येणारा सतरा वर्षांचं रहस्य आरामात मांडीवर घेऊन बसतो. त्यामुळे कबुतरांचा मृत्यूही मी आता लांब कथेत सांगते. तिथे ती शांतता कामाची ठरते.

पुढचं काम पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवरचं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आणि डोळा लावायला एकही भोक नाही, इतकंच सध्या हाती आहे. पंच नाही.

एक तांत्रिक प्रश्न. कॅफेतल्या स्वस्त स्पीकरवर ‘टीईऽऽऊऽऽ’चा खालचा ‘ऊ’ ऐकूच येत नाही. माइक तोंडाशी आणला तर ‘टी’ फाटतो. आवाज घसरतो तसा हळूहळू माइक जवळ आणायचा, की सगळंच एक पट्टी वर चढवायचं? ज्यांनी भारूड किंवा नाटकात असं काही केलंय त्यांनी सांगा.