मतामागचे पान

"पुस्तक छान आहे, जरूर वाचा" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे लिहिले आणि बोलले जाते की त्यातून पुस्तकाविषयीही काही कळत नाही आणि ते वाचणाऱ्याविषयीही नाही. "काही खास नाही" हे त्याचेच दुसरे रूप. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले असे शेरे मी शाळेत असल्यापासून वाचत आले आहे, आणि प्रत्येक वेळी त्या अनोळखी वाचकाला विचारावेसे वाटले आहे की छान म्हणजे नेमके कुठे, आणि खास नाही ते कोणत्या पानापासून? ज्या शहरात १८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले आणि जिथे कुसुमाग्रजांसारखा कवी आयुष्यातला मोठा काळ राहिला, त्या नाशिकच्या वाचकाकडून याहून नेमक्या मताची अपेक्षा ठेवणे गैर नाही असे मला वाटते.

गंगापूर रोडवरच्या एका घरी आम्ही काही वाचक दर महिन्याला एकत्र बसतो, आणि तिथे एकच नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो. मत मांडायचे असेल तर ज्या पानामुळे ते मत तयार झाले ते पान उघडून त्यातला मजकूर आधी वाचून दाखवायचा आणि मग बोलायचे. या नियमाने स्तुती आणि निंदा दोन्हींना आपोआप वेसण बसते. कित्येकदा असे होते की आवडलेल्या पुस्तकातले एकही पान चटकन सापडत नाही, आणि ज्याला नावे ठेवायची म्हणून पुस्तक हाती घेतले त्यातला परिच्छेद मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याचाच सूर बदलतो. हे मंडळ सुरू झाले तेव्हा अर्धे लोक सांगत होते की आम्ही कथा-कादंबऱ्या वाचत नाही, जे खरे घडले तेवढेच वाचतो. उरलेले सांगत होते की चरित्रे आणि माहितीपर पुस्तके रुक्ष असतात. ही भिंत पुढे ज्या मतांमुळे ढासळत गेली, त्यांपैकी काही येथे नोंदवते.

व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली 'बनगरवाडी' आम्ही घेतली तेव्हा बहुतेकांना वाटले होते की या पुस्तकावर आता नवे काय बोलायचे. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, हळूहळू गावाचा होतो, सगळ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते, तिच्यासाठी राजेसाहेब येतात, आणि नंतर दुष्काळ पडून वाडी उठते, एवढेच कथानक आहे. आमच्यातले दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार काका (छाटणीच्या दिवसांत ते येऊ शकत नाहीत, आणि तेव्हा चर्चा खरोखरच पातळ होते) यांनी मात्र शेकूच्या बायकोचे पान उघडले. शेकूला पेरणीसाठी बैलांची जोडी पुरी होत नाही, तेव्हा त्याची बायको एका बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली उभी राहते. काकांनी तो भाग सावकाश वाचला आणि म्हणाले, "इथे लेखक हळहळत बसत नाही. पेरणीची घात निघून गेली तर वर्ष जातं, हे त्याला माहीत आहे, म्हणून ती बाई जे करते ते त्याला अचाट वाटत नाही, गरजेचं वाटतं."

त्याच काकांनी पुढे जो आक्षेप घेतला तोही मला तितकाच मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की ही सारी वाडी आपल्याला पगारदार माणसाच्या डोळ्यांनी दिसते. गाव ओस पडल्यावर मास्तर दुसऱ्या गावी जाऊ शकतो आणि त्याचा पगार चालू राहतो, पण ज्याची मेंढरे मेली त्याने कोणत्या कचेरीत अर्ज करायचा? मास्तराची माया खरी असली तरी जोखीम त्याची नाही, आणि पुस्तकाचा शेवट जो हुरहूर लावतो ती हुरहूर निघून जाणाऱ्याची आहे. यावर निवृत्त संस्कृत शिक्षिका असलेल्या बाई म्हणाल्या की लेखकाने हे झाकलेले नाही, मास्तर उपरा आहे हे तो पहिल्या पानापासून सांगतो. दोघांचेही बरोबर होते. कादंबरी म्हणजे कल्पना, असे मानणाऱ्या मंडळींना त्या दिवशी पेरणी, मेंढरे आणि सरकारी नोकरी यांविषयी जे ऐकायला मिळाले ते कोणत्याही अहवालात सापडले नसते.

प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंग ढांग'ला (१९८१) आमच्याकडे सर्वांत जास्त मते मिळाली आणि सर्वांत कमी मतभेद झाले, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगते. हिमालयात कडा फोडून रस्ता काढणारी माणसे आणि वरिष्ठांचा हुकूम मोडल्याबद्दल कोर्टमार्शलला तोंड देणारा विश्वनाथ हा तरुण इंजिनिअर यांची ही कादंबरी सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या इंजिनिअर सदस्याला पाठच झाली आहे म्हणा ना. त्याच्या मते या पुस्तकाचे बळ निसर्गवर्णनात नाही, कागदावरची मंजुरी आणि जागेवरची निकड यांच्या भांडणात आहे. कामगाराचा जीव धोक्यात असताना फाईल कुठे अडली आहे हे ज्याला विचारावे लागले आहे, त्याला विश्वनाथची चीड समजावून सांगावी लागत नाही. मला स्वतःला या कादंबरीतली भावुक पाने थोडी लांबलेली वाटतात, पण सुरुंगाचे काम सुरू झाले की ती पुन्हा पकड घेते हे मान्य करायला हवे.

चरित्र-आत्मचरित्रांकडे वळताना 'स्मृतिचित्रे' आधी घेणे नाशिककरांना भागच होते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि त्यांच्या वडिलांचे ते सोवळे, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा तो अट्टहास, आणि त्यामागे १८५७ च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना झालेली फाशी, हे सारे आपल्याच परिसरात घडलेले आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागांनी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक वाचून आमच्यातल्या सर्वांत तरुण सदस्येने, जी वकिलीचे शिक्षण घेत आहे, अगदी स्पष्टपणे सांगितले की तिला नारायण वामन टिळकांचा राग आला आणि लक्ष्मीबाईंचाही आला. न सांगता घर सोडून जाणारा, हाती येईल ते दुसऱ्याला देऊन टाकणारा, क्षणात भडकणारा नवरा, आणि त्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर घराची जी वाताहत झाली तीही सोसून त्याच्याविषयी इतक्या मायेने लिहिणारी बायको. "हे सगळं ती हसून कसं सांगते? मला ते हसणं सहन होत नाही," असे ती म्हणाली.

तिला उत्तर दिले ते सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षे काम केलेल्या सिस्टरांनी, आणि त्यांनी धर्मांतराची बातमी घरी येऊन पोचल्यानंतरचा भाग काढला. वाईट बातमी कळल्यावर घरातली माणसे प्रत्यक्षात कशी वागतात हे त्यांनी रोज पाहिलेले आहे. कुणी रडते, कुणी चहाचे विचारते, कुणी भलत्याच गोष्टीवरून भांडते, आणि पुढे बरीच वर्षे लोटली तरी माणसांना आठवतात ती ही बारीकसारीक भांडणेच. त्यांच्या मते लक्ष्मीबाईंचे हसणे हा सोसण्याचा भाग नव्हे, तर त्या काळी कोण काय बोलले आणि कोणी काय केले हे काहीही न विसरल्याची ती खूण आहे. "तिने त्याला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, पण तिने त्याला सोडलेलं नाही, त्याचं प्रत्येक वागणं लिहून ठेवलंय," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी जातीविषयीचा लक्ष्मीबाईंचा विचार जिथे पालटतो तो भाग वाचला. इतक्या कडक सोवळ्यात वाढलेली बाई स्वतःशी विचार करत करत जात माणसानेच निर्माण केली या निष्कर्षाला पोचते आणि त्याप्रमाणे वागू लागते, आणि हे सारे ती स्वयंपाकाची हकिकत सांगावी तशा सुरात सांगते. कायद्याच्या विद्यार्थिनीचे मत त्या दिवशी बदलले नाही, पण तिने पुस्तक पुन्हा घरी नेले. तिचा राग मला आजही योग्य वाटतो. त्या पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांनी तो राग टाळून पुढे जाऊ नये.

कल्पना आणि सत्य यांचा वाद सर्वांत तापला तो इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'वर. हे लेख पुराव्याला धरून चालतात, महाभारतातल्या व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहतात, आणि खांडववन जाळण्याच्या प्रसंगाला पराक्रम म्हणून सोडून न देता त्यातला संहार दाखवतात. मात्र द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी, ती हिमालयाच्या वाटेवर कोसळल्यानंतर तिच्या आणि भीमाच्या अखेरच्या क्षणांचे जे चित्र लेखिकेने रंगवले आहे, ते मूळ कथेत नाही, आपल्या मनचे आहे, हे त्या स्वतःच सांगतात. बाईंना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, संशोधिकेने जिथे ग्रंथ थांबतो तिथे थांबावे, कारण वाचक पुढे ग्रंथातले विसरतो आणि हे लक्षात ठेवतो. वकिलीच्या विद्यार्थिनीने नेमका उलट पक्ष घेतला: पुरावा कुठे संपतो ते उघडपणे सांगून मग पुढे जाणे यापेक्षा प्रामाणिक काय असू शकते? मी या वादात तिच्या बाजूची आहे. महाभारतावरच्या ज्या लोकप्रिय कादंबऱ्या आपण वर्षानुवर्षे वाचतो त्यांत व्यासांचे किती आणि लेखकाचे किती हे कळायला कोणतीही वाट ठेवलेली नसते, आणि त्यांवर वाढलेला वाचक कर्णाविषयी तावातावाने बोलतो तेव्हा तो कोणत्या कर्णाविषयी बोलतो आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

काही पुस्तकांवरची मते लहान असली तरी लक्षात राहिली. 'एक होता कार्व्हर' या वीणा गवाणकरांच्या पुस्तकावर भक्तिभाव जास्त झाल्याची तक्रार आली, तेव्हा बागायतदार काकांनी कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग घेण्याचा जो आग्रह कार्व्हरने धरला त्याची पाने दाखवली आणि आपण हे पुस्तक शेतीचे म्हणूनच वाचतो असे सांगितले. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मधली हेर्टा, जर्मनीतून हुसकावलेली ज्यू तरुणी, आणि १९३९ चे ते जहाज यांनी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला जे जमले नाही ते केले, यावर एकमत झाले. त्या कादंबरीचा नायक चक्रधर स्वतःतच फार गुंतलेला आहे यावरही झाले. आणि नोकरीसाठी अंबडला एकटा राहणारा एक तरुण कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' घेऊन आला. वाटी आणि चमचा एवढ्याच मापांवर चालणारे ते पुस्तक वाचकाला काही येते असे गृहीत धरत नाही आणि तरीही त्याला कमी लेखत नाही, असे त्याचे मत होते. माहितीपर लेखनाविषयी इतके नेमके मत मी समीक्षकांच्या लेखांतही क्वचितच वाचले आहे.

सध्या आमच्यात जो वाद चालू आहे तो दोन नाशिककर पुस्तकांचा आहे. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' हे ओझरच्या कुटुंबाचे आत्मकथन, ज्यात वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणींचा भाग मोठा आहे, आणि विहितगावला जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा १९६३ चा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. पहिले खरे घडलेले, दुसरे कथारूप. इंजिनिअर सदस्याचे मत असे की जाधवांच्या वडिलांची वाक्ये वाचताना माणूस समोर बसून बोलतो आहे असे वाटते, आणि शिक्षण जेमतेम असलेल्या माणसाची ती स्मरणशक्ती, तो ताठा, ती विनोदाची तऱ्हा कोणाही लेखकाला रचून आणता आली नसती. सिस्टरांचा कौल बागुलांकडे आहे. परगावी रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून भाड्याच्या खोलीत राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो, ही कथा वाचताना त्यांना पुढे काय होणार हे माहीत होते आणि तरीही प्रत्येक गोड शब्दाची भीती वाटत होती. आत्मकथनात सांगणारा तगला आहे याची खात्री आधीपासून असते, कथेत ती नसते, म्हणून कथा अधिक जवळ येते, असे त्यांचे म्हणणे. काका म्हणतात की दोन्ही पुस्तके एकाच आठवड्यात, आधी बागुल आणि मग जाधव या क्रमाने वाचावीत, उलट क्रमाने वाचू नयेत. कारण विचारले तेव्हा त्यांनी बागुलांचे शेवटचे पान आणि जाधवांचे पहिले पान शेजारी शेजारी उघडून ठेवायला सांगितले. पुढच्या बैठकीला बागुलांचाच 'मरण स्वस्त होत आहे' हा १९६९ चा संग्रह ठरला आहे आणि प्रती कमी पडत आहेत, म्हणून ज्यांच्या घरी तो असेल त्यांनी सोबत आणावा, आणि आपले पान खूण घालून आणावे.