तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आत्याबाईंना घरी का आणलं

हळदीकुंकवाला विचारता, शाळेत मुलांचा निकाल घ्यायला आलात की विचारता, बाजारात भाजी निवडताना विचारता. "मॅडम, तुमी तं सून. रक्ताच्या मानसाइनं इतके वर्सं पाह्यलं नाई, मंग तुमीच कायले आनलं वो त्याइले पागलखान्यातून?" आणि मी चार पावलं पुढे गेले की मागून येतं ते उत्तरही मला ऐकू येतं. हिश्शासाठी.

म्हणून आधी हिश्शाचंच सांगते. सातबाऱ्यावर आत्याबाईंचं नाव आहे आणि ते मी भांडून लावून घेतलंय. मामंजी गेल्यावर फेरफाराची वेळ आली तेव्हा त्यांना एक बहीण आहे हे कुणी तलाठ्याला सांगायलाच तयार नव्हतं. त्यांच्या वाट्याचं वावर कोरडवाहू आहे, ठेक्यानं दिलंय, पैसे त्यांच्या खात्यात जातात. शंका असेल त्यांनी घरी येऊन पासबुक पाहावं.

त्याच फेरफाराचे कागद शोधताना पत्र्याच्या पेटीत पोस्टकार्डं सापडली. मनोरुग्णालयाचा शिक्का, आणि मजकूर दर वेळी जवळपास तोच: आपला रुग्ण घरी नेण्याच्या स्थितीत आहे, येऊन घेऊन जावे. सुरुवातीची कार्डं आजेसासऱ्यांच्या नावावर, नंतरची मामंजींच्या. कुणी फाडली नव्हती. तारखेप्रमाणे लावून सुतळीनं बांधून ठेवली होती. आणण्याचं कारण एवढंच. ती वाचल्यावर पेटी परत लावून टाकणं मला जमलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यातल्या मधल्या खांबाला जमिनीपासून हातभर वर एक लोखंडी कडं होतं. बैलाला इतक्या खाली बांधत नाहीत. विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, जुनं आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळदंडात असलेली 28 माणसं पळता न आल्यामुळे जळून मेली. पेपर वाचून मी जेवताना बोलले, तर मामंजी ताटावरून उठून गेले. मग एकेक कळत गेलं. बाळंतपणानंतर आत्याबाईंचं बिघडलं, नवऱ्यानं आणून सोडलं, आजेसासऱ्यांनी गोठ्यात बांधलं. जिल्ह्याच्या गावी एका खासगी डॉक्टरनं भूल न देता शॉक दिले. चौघांनी हातपाय धरायचे, दातांत कापडाची गुंडाळी द्यायची. तशा शॉकमध्ये अंग इतकं आखडतं की हाडं मोडायची. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन शॉक देतात आणि तीव्र नैराश्यात त्यानं माणसं वाचतात, त्यामुळे कुणाला सुचवला असेल तर माझ्या लिहिण्यानं घाबरू नका. भूल न देता शॉक आणि साखळदंड, दोन्हींवर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी आहे. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आत्याबाई मात्र आत गेल्या त्या 1912 च्या कायद्याखाली, मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं, पोलिसांच्या जीपमधून.

आपल्याकडे ताजुद्दीनबाबांचं नाव घेतल्याशिवाय कुणी ताजबागेवरून पुढे जात नाही. त्यांनाही 1892 साली नागपूरच्या पागलखान्यातच टाकलं होतं. सोळा वर्षांनी, 1908 मध्ये, राजे रघुजी भोसल्यांनी सोडवून वाड्यावर नेलं. त्यांच्या दर्ग्यावर चादर चढवणारी माणसं आमच्या दारावरून जाताना लेकरांना आत ओढतात, ते मला सहन होत नाही.

आता ज्याबद्दल कुजबुजता ते.

आत्याबाईंना आणल्याच्या वर्षीचाच पोळा. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं गावाची पिडा बाहेर घालवायला मारबत घेऊन गल्लीतून ओरडत निघाली, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" नेहमीचंच. आत्याबाई दचकून उठल्या. त्यांना वाटलं, त्यांनाच न्यायला आलेत. न्हाणीतला तांब्या त्यांनी भिरकावला, तो शेजारच्या पोराच्या कपाळाला लागला. रक्त आलं. अंगणात माणसं जमली. "बांधा तिले, बांधा!" माझे दीर गोठ्यातून दावं घेऊन आले. मी आडवी झाले असं लोक सांगतात, माझी बाजू घेण्यासाठी सांगतात. मी आडवी झाले नव्हते. त्या पोराची आई रडत होती, माझी स्वतःची मुलगी दाराआड थरथरत होती, आणि माझ्या मनात आलं की दुपारपर्यंत बांधू, मग सोडू.

आत्याबाईंनी दावं पाहिलं आणि एकदम शांत झाल्या. खाली बसल्या. दोन्ही हात जुळवून पुढे केले आणि दिरांना म्हणाल्या, "बापू, डावा जरा सैल बांधजो."

डाव्या मनगटावर हाडापर्यंत उतरलेला जुना वण आहे. दिरांच्या हातातून दावं गळालं. ते ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. बांधलं कुणीच नाही.

पूर्वी मी भर बैठकीत म्हणाले होते की या घरातले पुरुष माणसंच नाहीत. त्या सकाळनंतर आजेसासरे मला थोडे कळले. तालुक्याला मनाचा डॉक्टर नव्हता, पोरगी रात्री विहिरीकडे धावायची, आणि दिवसभर वावरात राबलेला बाप किती रात्री जागणार? हे मान्य. पण पोस्टकार्डांचं काय? तोवर औषधं निघाली होती, त्या सावरल्या होत्या, एसटी होती. तिथे मला अजूनही कुणाची बाजू घेता येत नाही. मधेच वाटतं, त्यांनी कार्डं फाडली नाहीत हेही काहीतरी आहेच. मग स्वतःचाच राग येतो.

आत्याबाई अजूनही विचारल्याशिवाय मोरीत जात नाहीत. पहाटे उठून खाटेच्या पायथ्याशी मोजणीला उभ्या राहतात. उशीखाली भाकरी लपवतात. महिन्याचं इंजेक्शन उपजिल्हा रुग्णालयात मिळतं, कधी संपलेलं असतं, मग नागपूर. हे सगळं करूनही परवा त्या म्हणाल्या, "तिकडं जेवन टायमावर भेटे." शेजारच्या खाटेवरच्या बाईची आठवण काढतात, तिचं नाव घेऊन हाका मारतात. इतकी वर्षं त्यांचं माणूस तीच होती आणि आणताना मी तिला पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात त्यांना तिच्या भेटीला नेणार आहे. दीर म्हणतात, गेल्या की परत यायला तयार होणार नाहीत. तसं झालं तर काय करायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही.