शेअरिंगच्या घरात सामानाचा विमा: आधी खोलीचं कुलूप बघा

घरमालकाचा विमा असतो तो भिंतींचा, छताचा आणि फार तर त्याने दिलेल्या फर्निचरचा. तुमचा लॅपटॉप गेला तर त्या पॉलिसीतून दमडीही मिळत नाही. त्यासाठी सामानाचा वेगळा विमा लागतो.

पण विकत घेण्याआधी घरी फोन करा. आईवडिलांच्या पॉलिसीत ‘तात्पुरत्या घराबाहेर असलेल्या वस्तू’ असं कलम असेल, तर शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलांचं सामान कधीकधी त्यातच बसतं. किती रकमेपर्यंत, आणि शेअरिंगच्या घरात चालतं का, हे लेखी विचारून घ्या. बसत असेल तर विषय संपला.

नसेल तर यादी करायला बसा. कपाट उघडा, गादीखालची बॅग ओढा, सगळं लिहा. लॅपटॉप-मोबाइल आठवतात, कपडे, बूट, पुस्तकं, हेडफोन, चार्जर विसरतात, आणि त्यांचीच बेरीज फुगते. हप्ता वाचवायला रक्कम कमी सांगणं महागात पडतं. समजा सामान २ लाखांचं आणि विमा १ लाखाचाच. ६० हजारांचा लॅपटॉप गेला, तर अनेक पॉलिसी त्याच प्रमाणात पैसे कापतात आणि हातात ३० हजार येतात. शिवाय एका वस्तूसाठी वेगळी कमाल मर्यादा असते. त्यापेक्षा महाग वस्तू नावानिशी नोंदवावी लागते. सायकलचं बहुतेक वेळा असंच असतं.

आता कुलूप. शेअरिंगच्या घरात खरी मेख इथे आहे. चोरीच्या कलमात ‘बळजबरीने आत शिरल्याची खूण’ अशी अट असते: तुटलेली कडी, उचकटलेली चौकट, फुटलेली काच. मुख्य दाराच्या चाव्या पाचजणांकडे, दर शनिवारी कुणाचे तरी मित्र घरात, आणि तुमच्या खोलीला नुसती कडी. अशा वेळी वस्तू गेली तर खूण दाखवणार कुठून? रूममेटने किंवा त्याच्या पाहुण्याने उचललेली वस्तू बहुधा भरपाईत येतच नाही. म्हणून घरमालकाला विचारून खोलीच्या दाराला चावीचं कुलूप बसवून घ्या आणि अर्जात कुलपाचा प्रकार खराखुरा लिहा. हॉलमध्ये ठेवलेल्या वस्तू धरल्या आहेत का, तेही बघा.

सगळ्यांनी मिळून एकच पॉलिसी काढणं स्वस्त दिसतं. मला ते पटत नाही. एकाने क्लेम केला की त्याची नोंद सगळ्यांच्या नावावर राहते, आणि वर्षाच्या मध्यात कुणी खोली सोडली की नावं बदलण्याचा घोळ. आपापल्या खोलीपुरती पॉलिसी बरी.

हप्ता कमी करायचा खरा मार्ग म्हणजे क्लेममध्ये स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा वाढवणं. अर्थात तो वाटा फोनच्या किमतीच्या जवळ गेला, तर फोनचा विमा काढून उपयोग नाही. अपघाती नुकसान (लॅपटॉपवर चहा सांडणं!) आणि घराबाहेरचं संरक्षण हे जोडपर्याय असतात; रोज लॅपटॉप घेऊन फिरत असाल तरच घ्या. जुन्याच्या बदल्यात नवी वस्तू मिळते की घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून पैसे, हेही विचारा. चार वर्षं जुन्या लॅपटॉपला घसारा लावला तर हाती फार काही उरत नाही.

पावत्या, सिरियल नंबर आणि वस्तूंचे फोटो ईमेलवर टाकून ठेवा. लॅपटॉपमध्येच ठेवले तर लॅपटॉपबरोबर तेही जातात. मोबाइलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तोही लिहा. चोरी झाली तर लगेच पोलिसांत तक्रार आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं. मुदत पॉलिसीत दिलेली असते, आणि उशीर हे क्लेम नाकारायचं सोपं कारण ठरतं.

सुट्टीत सगळे गावी गेले की घर रिकामं. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त, बऱ्याचदा ३० किंवा ६०, घर बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं. तो आकडा बघूनच तिकीट काढा, आणि महागाच्या वस्तू सोबत न्या.