विमानाची बॅटरी विमानातून येत नाही

इलेक्ट्रिक मॉडेल विमान करायचं म्हटलं की सगळे मोटरपासून सुरुवात करतात. माझं ऐकाल तर आधी बॅटरी मिळवा, ती हातात पडल्यावर बाकीचं मागवा. मला हे एका कुरिअर कंपनीने शिकवलं, आणि तिच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

विमान साधंच होतं. फोमचं, वर पंख असलेलं ट्रेनर, सगळं धरून 900 ग्रॅमच्या आसपास. शिकाऊ विमानाला किलोमागे दीडशे वॉट पुरतात. तेवढ्यासाठी 2212 मापाची, 1000 केव्हीची ब्रशलेस मोटर (म्हणजे लोड नसताना व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे), 10 बाय 4.5 चा प्रोपेलर आणि तीन सेलची 2200 एमएएचची (म्हणजे 2.2 अँपिअर-तासांची) लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. हा जोड साधारण पंधरा अँपिअर ओढतो, म्हणून ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) 30 अँपिअरचा. प्रोपेलर मोठा लावला की करंट वाढतो, तेव्हा ईएससीची क्षमता गरजेपेक्षा जास्त ठेवलेली बरी. हे सगळं बसल्या बैठकीत ठरलं आणि बंगळुरूच्या एका ऑनलाइन दुकानातून मागवलं. मोटर, ईएससी, सर्वो (शेपूट-पंखांच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वेळेत सांगलीला पोचले. बॅटरी वेगळ्या पार्सलने निघाली.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला 2016 पासून जगभर बंदी आहे. मालवाहू विमानातही त्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असून चालत नाहीत. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पेटलेली लायपो विझवणं सोपं नसतं. दुकानदारानेही खोक्यावर ‘फक्त रस्त्याने’ असं ठसठशीत स्टिकर लावलं होतं, बुकिंगही तसंच केलं होतं. तरीही कुरिअरवाल्यांनी ते विमानाच्या पिशवीत टाकलं. एक्स-रेत बॅटरी दिसली, पार्सल अडकलं आणि ट्रॅकिंगवर एकच ओळ येऊन बसली: ‘पार्सल होल्डवर आहे’.

इथल्या शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “साहेब, हे हझार्डस आहे, आमच्याकडे येणारच नाही.” मग बुकिंग घेतलं कशाला? “ते बंगळुरूला विचारा.” बंगळुरूचा फोन लागला की रेकॉर्डेड आवाज, आणि माणूस आला की त्याचं म्हणणं, तक्रार पाठवणाऱ्याने करायची, घेणाऱ्याने नाही. पाठवणाऱ्याने केली, तर उत्तर आलं, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत द्या. दिली. पुढे पुन्हा शांतता. बंगळुरूहून रात्री सुटलेली बस सकाळी कोल्हापुरात लागते, आणि माझी दोनशे ग्रॅमची बॅटरी मात्र कुठल्यातरी गोदामात पडून. घरात मोटर, ईएससी, प्रोपेलर तयार, आणि बायको रोज विचारायची, “उडालं का?”

एक दिवस ट्रॅकिंगवर ‘पाठवणाऱ्याकडे परत’ दिसलं. मी ऑर्डर रद्द केली आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना फोन करत सुटलो. बुधवार पेठेतल्या एका दुकानात 3 सेलची शिल्लक होती. निघण्यापूर्वी ‘माल आहे का’ विचारायचं नाही, ‘माझ्यासाठी बाजूला ठेवा’ म्हणायचं.

जाताना मल्टीमीटर खिशात ठेवा. बॅटरीच्या दोन जाड तारांशिवाय प्रत्येक सेलला जोडलेला एक छोटा बॅलन्स कनेक्टर असतो, त्यावर एकेक सेल मोजता येतो. साठवणीतली चांगली बॅटरी सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि तिन्ही सेल जवळजवळ सारखे असतात. एखादा मागे पडलेला किंवा पाकीट फुगलेलं दिसलं, तर कितीही स्वस्त असली तरी नको म्हणा. दुकानदाराने माझ्या मीटरकडे जरा तिरकं पाहिलं, पण मोजू दिलं.

तिथेच दुसरी गोष्ट कळली. मिळालेल्या बॅटरीला एक्सटी60 जातीचा कनेक्टर, माझ्या ईएससीला टी जातीचा; दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. बॅटरी आधी घ्या म्हणतो ते यासाठीही. कनेक्टर बदलायला 25 वॉटची साधी सोल्डरिंग इस्त्री चालत नाही. जाड तार उष्णता खेचून घेते आणि टाका कोरडा राहतो. 60 वॉटची, रुंद टोकाची घ्या. हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून जोड झाकणारी) टाका मारायच्या आधी तारेत घालायची असते. बॅटरीच्या बाजूचं काम असेल तर एकावेळी एकच तार कापा. दोन्ही उघड्या टोकांची भेट झाली तर ठिणगी नाही, आग होते.

चार्जर बॅलन्सवालाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा हवा. 2200 च्या बॅटरीला 2.2 अँपिअर, त्यापेक्षा जास्त नाही, आणि चार्ज होत असताना खोली सोडून जायचं नाही. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा. ही चाचणी प्रोपेलर काढूनच, बोटं प्यारी असतील तर.

विमान उडालं, छान उडालं. कुरिअरचं भाडं मात्र अजून परत आलेलं नाही. त्यांच्या मते पार्सल ‘यशस्वीरीत्या परत’ पोचवलं गेलं आहे.