तिन्हीसांजेला बाणावलीत

सूर्य बुडाला की लोक लगेच उठतात, हे मला अजिबात पटत नाही. आज बाणावलीला रिसॉर्टसमोरच्या रेतीवर ही एवढी गर्दी होती, सगळ्यांचे मोबाइल वर, कुणी रील काढतंय, कुणी बायकोच्या तळहातावर सूर्य ठेवून फोटो घेतंय, पोरं पाण्यात उड्या मारतायत, आणि शेवटची लाल कड पाण्यात गेली रे गेली की पाच मिनिटांत अर्धा किनारा रिकामा. सगळे बुफेकडे. अहो, आकाशाला खरा रंग चढतो तो त्यानंतर! थांबा की अजून पंधरा मिनिटं. जेवण कुठे पळून जातंय?

आम्ही फोंड्याचे. बोरीचा पूल ओलांडून मडगाव, तिथून बाणावली, एवढंच अंतर, तासही लागत नाही. पण गोव्यात राहणारी माणसं दर्यावर किती जातात हा वेगळाच विषय आहे. पाहुणे आले की त्यांना दाखवायला जायचं, त्यांच्या चपला सांभाळत उभं राहायचं, आणि काळोख पडायच्या आत परत. रात्रीचा मुक्काम आपल्याच गोव्यात दर्याकाठी करायचा हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंदा लेकीनेच हट्ट धरला, ह्यांनी बुकिंग केलं, आणि मी म्हटलं आई येणार असतील तरच मी येते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी उलटलीय. दर्या त्यांनी पाहिलेला नाही असं नाही, माहेरी असताना मे महिन्यात सगळ्या मिळून खाऱ्या पाण्यात न्हायला जायच्या, सांध्यांना बरं म्हणून. पण ते सकाळी. संध्याकाळी कधीच नाही. का, तर तिन्हीसांजेला बाईमाणसाने घरात पाहिजे, देवापुढे दिवा, तुळशीपुढे पणती, पोरांचं शुभंकरोति, त्याच वेळी चुलीवर रात्रीचं शीत, म्हणजे भात. म्हणजे बघा, सूर्य रोज बुडतो त्या नेमक्या वेळेला ही बाई आयुष्यभर तुळशीपाशी पाठमोरी उभी. हे मला गाडीत बसल्यावर एकदम जाणवलं आणि मग डोक्यातून जाईना. आज निघतानाही त्यांनी शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली, तेलाची बाटली कुठे, वाती कुठे, दोनदोनदा सांगितलं, तेव्हाच त्या गाडीत बसल्या.

साडेपाचला आम्ही खुर्च्या ओल्या रेतीच्या अगदी काठापर्यंत नेल्या. रिसॉर्टच्या पोराने स्वतःहून आईंसाठी हातांची खुर्ची आणून दिली, गुणी पोर. दक्षिणेला काब द रामचं भूशिर निळसर दिसत होतं, उत्तरेला पार मुरगावच्या बाजूला बंदराबाहेर थांबलेली जहाजं. हा सगळा एकच सलग किनारा आहे, वीस किलोमीटरच्या वर, कोलवा काय बाणावली काय वार्का काय, नावं आपण दिलेली, रेती एकच. डावीकडे थोड्या अंतरावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही टोकांना माणसांची रांग, दोर कमरेला टेकवून उलटं उलटं चालत मागे जायचं, शेवटच्याने दोर सोडून परत पाण्याकडे जाऊन पुढे धरायचा. आई त्यांच्याकडेच बघत होत्या, सूर्याकडे नाही.

फेब्रुवारीत सूर्य अजून दक्षिणेकडेच झुकलेला असतो, त्यामुळे तो नाकासमोर न बुडता जरा डाव्या हाताला बुडतो. साडेसहाच्या पुढे तो क्षितिजाजवळ आला आणि त्याचा गोल बिघडायला लागला, खालून दाबल्यासारखा, चपटा. लेक नववीत आहे, तिने लगेच सांगितलं की हवेतून येताना उजेड वाकतो, खालची कड जास्त उचलली जाते म्हणून तो चपटा दिसतो, आणि आपल्याला तो पाण्याला टेकलेला दिसतोय तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. आई म्हणाल्या, "म्हणजे गेलेला माणूस दारात उभा दिसतो तसं?" लेक गप्पच झाली. मीही. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन फार दिवस झाले नाहीत.

टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत दोन मिनिटं आणि वर थोडी. एवढंच. आईंनी हात जोडले, ओठ हलत होते, मी काय म्हणताय असं विचारलं नाही.

आणि मग ती उठाउठी सुरू झाली. आईसुद्धा पदर सावरून उठायला लागल्या, सवयच ती, दिवेलागण झाली म्हणजे आत जायचं. मी त्यांचा हात धरून बसवलं. म्हटलं आज दिवा वहिनी लावणार आहेत, आपण बसायचं. पहिली चार-पाच मिनिटं खरंच काही नसतं, आकाश फिकं पडतं, लोकांना वाटतं संपलं. मग खालून नारिंगी चढायला लागतं, त्याच्यावर गुलाबी, वर कुठेतरी जांभळट, आणि ओहोटीची रेती ओली असली तर ते सगळं पायाखालीही. आपल्याकडे हा खेळ फार लांबत नाही, सूर्य इथे जवळजवळ सरळ खाली उतरतो म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. तेवढाच वेळ आहे, तो बुफेच्या रांगेत का घालवायचा?

अजून एक, आणि हे मी आता भेटेल त्याला सांगणार आहे. सूर्य बुडाल्यावर मागे वळून पूर्वेला बघा. माडांच्या वर एक करडा-निळा पट्टा उगवताना दिसतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी किनार. तो ढग नाही, धुकं नाही, ती आपल्या पृथ्वीची सावली आहे, हवेवर पडलेली. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी ती वर चढते आणि मग रात्रीत मिसळून जाते. मी आईंची खुर्चीच फिरवली. उरलेला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आणि आम्ही दोघी उलट्या, माडांकडे. आई म्हणाल्या, "सावली म्हणजे आपल्या घरावरूनपण गेली असेल ना आत्ता?" हो, फोंडा त्याच बाजूला. बराच वेळ बघत बसल्या.

वारा पडला तसं आम्ही उठलो. दिवसभर समुद्राकडून येणारा वारा सांजेला मंदावतो, जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते म्हणून रात्री तो उलटा, जमिनीकडून दर्याकडे वाहायला लागतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला बांगडा भाजल्याचा वास थेट आमच्यापर्यंत आला आणि लेकीने पळायलाच सुरुवात केली.

बुफेवर सगळं होतं, पनीर, नूडल्स, बटर चिकन, कुणाला काय हवं ते खाऊ दे. आम्ही बाहेर निखाऱ्यांपाशी उभ्या असलेल्या कुकला विचारलं, तुमच्या घरचं काय आहे. तो इथल्या साष्टी तालुक्याचाच, पन्नाशीचा. म्हणाला रेशाद बांगडा करतो. पाठीच्या बाजूने काट्याच्या दोन्हीकडे चीर दिलेला बांगडा, त्यात बोटाने लाल वाटण भरत होता, सुकी मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, हळद, आणि हे सगळं पाण्यात नाही तर विनेगरमध्ये वाटलेलं, माडाच्या सुरेचं विनेगर. भरून झालं की वरून मांसावरही लावायचं, शेपटापर्यंत. आईंच्या स्वयंपाकघरात विनेगर कधी आलंच नाही. आमच्याकडे आंबट म्हणजे सोलं, म्हणजे आमसुलं, नाहीतर बिमलां ही आंबट फळं, आणि बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत, तिरफळं, ठेचून, शेवटी घालायची, वाटायची नाहीत. आईंनी एक घास घेतला, काटा बाजूला काढला, दुसरा घेतला, मग म्हणाल्या, "पुता, आमच्या घरच्यासारकें न्हय, पूण रूच बरी आसा." तो इतका खूश झाला! मग दोघांचं जे सुरू झालं, बांगडा शिळा असेल तर विनेगर कसं झाकून घेतं आणि सोलं झाकत नाहीत म्हणून आमच्यात ताजाच लागतो, असं आईंचं म्हणणं, आणि तो म्हणे विनेगरने वाटण महिनाभर टिकतं, दर्यावर जाणाऱ्याच्या बायकोला ते बरं पडतं. दोघंही बरोबर. मी ऐकत उभी होते, माझं ताट गार झालं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी त्याने आतून आईंसाठी साधा उकडा भात, आणि विचारून विचारून फुटी कडी करून आणली, नारळ न घालता, सोलं, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, हिंग. ही काही मेनूत नव्हती. आईंनी ती वाटी तोंडाला लावून प्याली. बिबिंक होतं गोडाला, थर सुटे होणारं, चांगलं, पण त्याबद्दल लिहायचं तर वेगळं लिहीन.

आता अकरा वाजलेत. आई झोपायच्या आधी म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या बहिणीला, डिचोलीच्या मावशींना, एकदा आणायला हवं, तिनेही हे बघितलेलं नाही. शिगम्याच्या गडबडीआधी जमलं तर उत्तम, नाहीतर एप्रिल. मे संपत आला की शॅक, म्हणजे रेतीवरची खाण्यापिण्याची खोपटी, उतरवतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, आणि पावसात पश्चिमेला नुसते ढगच. ह्यांना सांगून ठेवलंय, सोमवार सोडून बुकिंग करा, दोघी बहिणी सोमवारी मासे खात नाहीत.